उभी वाटणी

(वेंगुर्ले तालुक्यातील बचत गटांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलले तसेच, थोडेफार नीटनेटके करून.)



मला 'घटस्फोट आणि मालमत्ता' या विषयावर बोलायला सांगितले आहे. पत्रिका वाचून सकाळीच दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, आमच्यात कोण घटस्फोट घेता?" खरे आहे. आपल्याकडे बाई घटस्फोट घेत नाही. तिला गणपतीला माहेरी पोचवतात आणि न्यायला कोणी येत नाही. अशी चार वर्षे जातात, दहा जातात. मग एक दिवस पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन येतो. आता ही पत्रे वाढली आहेत, कारण जमिनीला भाव आला आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, २०२१ मध्ये चिपीला विमान उतरू लागले, २०२३ मध्ये पलीकडे मोपाला. जी बाग पूर्वी कोणी फुकट घेत नव्हते तिच्यासाठी आता गाड्या येऊन उभ्या राहतात. आणि घेणाऱ्याचा वकील पहिल्या भेटीतच विचारतो, 'बायको आहे का? तिचा काही दावा?'

पुढे जाण्याआधी एक करू. जिचे नाव राहत्या घराच्या घरपट्टीवर आहे तिने हात वर करावा.

नऊ. आपण सत्तरच्या आसपास आहोत. आता सासरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर जिचे नाव आहे तिने. चार. आणि या चौघींतल्या तिघींना मी ओळखते, त्या विधवा आहेत. म्हणजे नवरा गेला तेव्हा नाव लागले. माझा विषय तुम्हीच सांगून टाकलात.

मी तुम्हाला दोन बहिणींची गोष्ट सांगणार आहे. नावे सांगत नाही, गावही सांगत नाही. थोरली आणि धाकटी एवढे पुरे. माहेर याच पट्ट्यातले. थोरली अलीकडे, समुद्रालगतच्या एका गावात दिली. धाकटी तेरेखोलच्या पलीकडे, पेडणे तालुक्यात. दोघींच्या सासरी माडाची बाग, दोघींच्या सासरी समुद्र. एकीच्या सासरहून दुसरीच्या सासरी जायला आरोंद्याच्या पुलावरून तासभरही लागत नाही. पण दोघींचे संसार मोडले तेव्हा या नदीने केवढा फरक केला ते मी जवळून पाहिले. थोरलीच्या प्रकरणात माझ्या हातून एक चूकही झाली. तीच मुख्यतः सांगायची आहे, कारण ती तुमच्या हातून होऊ नये.

थोरलीच्या नवऱ्याच्या नावावर, भावांशी वाटणी होऊन आलेले, बावीस गुंठे. वरच्या अंगाला रस्ता आणि घर, खालच्या अंगाला माड, सुरूची झाडे आणि वाळू. घराला तीन खोल्या जोडून त्यांनी पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत नाव घातले. नाव अर्थातच नवऱ्याचे. खोल्यांना पैसे कमी पडले तेव्हा हिच्या पाटल्या सोसायटीत गहाण पडल्या, त्या सुटल्या नाहीत. अकरा वर्षे पाहुण्यांचे घावणे, सोलकढी, सुरमईचे तिखले, चादरी, संडास-बाथरूम हिने केले. पाहुणे वहीत लिहून जात, 'काकूंच्या हाताला चव आहे.' वही अजून त्या घरात आहे. काकू नाहीत.

नवऱ्याला दुसरे लग्न करायचे होते. तो वाईट बोलणारा माणूस नव्हता, हेही सांगायला हवे. राजीखुशीने, संमतीने घटस्फोट घेऊ म्हणाला. थोरली माझ्याकडे आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "माका काय गावतला?"

मी तिला जे सांगितले तेच तुम्हाला सांगते. आपल्याकडच्या हिंदू विवाह कायद्यात लग्नानंतर नवरा-बायकोने मिळून उभी केलेली मालमत्ता दोघांची, असे कुठेही लिहिलेले नाही. कलम २७ आहे, पण ते लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या समजल्या जाणाऱ्या वस्तूंपुरते. स्त्रीधन तुमचे, ते मागता येते. पण पाटल्या गहाण टाकल्याची पावती कुणाकडे असते? घर ज्याच्या नावावर त्याचे. अकरा वर्षांच्या घावण्यांना कायद्यात रकाना नाही. तुम्हाला मिळते ती पोटगी, म्हणजे खायला-प्यायला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेने एक विधेयक संमत केले होते. लग्न कायमचे मोडले म्हणून घटस्फोट झाला, तर नवऱ्याच्या स्थावरातही बायकोला वाटा द्यावा, अशी त्यात तरतूद होती. लोकसभेत ते मंजूर झालेच नाही, आणि २०१४ ला लोकसभेची मुदत संपली तसे तेही संपले.

अशा स्थितीत नवरा आपण होऊन म्हणाला, "अर्धी जमीन देतो. समुद्राकडचे अकरा गुंठे तिचे, वर दोन लाख. पुढे पोटगी मागायची नाही." आम्ही चकित झालो. वकील म्हणाले, कोर्टात भांडून एवढे मिळणार नाही. शेजारणी म्हणाल्या, नशीबवान, समुद्र मिळाला. घर रस्त्याकडे राहील ते त्याचे, पण समुद्र हिचा! थोरली हसली, मला आठवते, बऱ्याच दिवसांनी हसली. म्हणाली, "समुद्राकडचो वाटो गावलो. दोन खोल्ये बांदीन, न्याहारी माजी मी करीन."

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई. कागद तपासायचे असतात हे मला शिकवले आहे, आणि मी तपासले. सातबारा पाहिला, फेरफार पाहिले, सोसायटीचा बोजा नाही ना पाहिले. बागायत अकरा गुंठे, म्हणजे तुकडेबंदीतही अडत नाही. शिवाय एक शहाणपण केले. बायकोच्या नावे शेतजमिनीचे किंवा राहत्या घराचे बक्षीसपत्र केले तर आपल्या राज्यात मुद्रांक दोनशे रुपयांचा लागतो. पण ती बायको असेपर्यंत. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर ती परकी, मग पुरा मुद्रांक. म्हणून हुकुमाच्या आधीच बक्षीसपत्र नोंदवून घेतले. दोनशे रुपयांत काम झाले याचा मला केवढा अभिमान होता!

नकाशा मात्र पाहिला नाही.

वर्षाने ती बांधकामाच्या परवानगीला गेली. अर्ज परत आला. समुद्रकिनाऱ्यासाठी केंद्र सरकारची जी अधिसूचना आहे, जिला आपण सगळे सीआरझेड म्हणतो, ती पहिल्यांदा १९९१ साली निघाली, मग २०११ ला, मग २०१९ ला. तिच्यात समुद्राच्या सर्वांत वरच्या भरतीची रेषा ठरवलेली असते. आपल्यासारख्या विरळ वस्तीच्या गावांत त्या भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे घर बांधता येत नाही. शेती करा, माड लावा, असलेले घर आहे त्या जोत्यावर दुरुस्त करा, नवीन नको. नियम वाईट आहे असे मी म्हणत नाही. किनारा राहिला आहे तो त्याच्यामुळे, नाहीतर आपल्याला समुद्र हॉटेलांच्या फटीतून पाहावा लागला असता. पण थोरलीचे अकरा गुंठे जिथे संपतात तो वरचा बांध भरतीरेषेपासून १६० मीटरवर होता. म्हणजे तिची सगळी जमीन त्या पट्ट्यात. नवऱ्याचे घर २३० मीटरवर. वाटणीची रेघ बरोबर मध्ये पडली होती, आणि ती रेघ चुकून पडलेली नव्हती. थोरली मला म्हणाली, "तेका ठावक होता, ताई. तेना एकदा थंय कॉटेज बांदूक अर्ज केल्लो." तो अर्जही नामंजूर झाला होता. हिला घरात कोणी सांगितले नव्हते. कागदाचे काम बायकांना कशाला सांगायचे?

दुसरी गोष्ट त्याहून साधी. तिच्या जमिनीत जायला वाट नाही. रस्ता वरच्या अंगाला, आणि रस्त्यापासून तिच्या बांधापर्यंत मध्ये नवऱ्याचे खळे. बक्षीसपत्रात वाटेचा हक्क लिहिलेला नाही. पहिले सहा महिने नारळ पाडायला माणूस गेला, कोणी काही बोलले नाही. नवी बायको आली आणि बेड्याला कुलूप लागले. आता थोरली भाटातला नारळ वाळूवरून, ओहोटी बघून, डोक्यावर आणते. रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, ती आम्ही मागितली आहे. पण ही सगळी पायपीट एका ओळीने टळली असती.

आता तुम्हाला एक विचारते. तुमच्या सासरी दीर-भावांच्या वाटण्या झाल्या असतील. समुद्रालगतच्या जमिनीची वाटणी भाऊ कशी करतात? डोळ्यांपुढे आणा. उभ्या पट्ट्या. रस्त्यापासून समुद्रापर्यंत. प्रत्येकाला थोडा रस्ता, थोडे घराजोगे रान, थोडे माड, थोडी वाळू. पट्टी अरुंद झाली तरी चालते, पण प्रत्येकाला सगळे पाहिजे. आडवी वाटणी भाऊ मान्यच करणार नाहीत. म्हणतील, तू रस्ता घेतोस आणि मला वाळू? चार यत्ता शिकलेल्या आजोबांनाही हे कळत होते. मग बायकोच्या वेळी रेघ आडवी कशी झाली? आणि आम्ही, शिकलेल्या बाया आणि वकील, ती कशी मान्य करून बसलो? मी याचा खूप विचार केला आहे. मला वाटते, भाऊ हक्काने बसलेले असतात आणि आम्ही दान घ्यायला बसलो होतो. दान देणाऱ्याला कोणी 'रेघ उभी मार' म्हणत नाही.

आता धाकटी. तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा गोवामुक्तीनंतरही चालू राहिला. वेगळा करार केलेला नसेल तर लग्न नोंदवल्याबरोबर दोघांची सगळी मालमत्ता सामाईक होते. लग्नानंतर घेतलेली, लग्नाआधीची, वारशाने आलेली, सगळी. अर्धी तिची. नवरा एकटा जमीन विकू शकत नाही, बायकोची सही लागते. आयकरवालेसुद्धा गोव्यातल्या नवरा-बायकोचे घरभाड्याचे उत्पन्न निम्मे-निम्मे धरतात. धाकटीच्या नवऱ्याने दिल्लीच्या एका गिऱ्हाइकाकडून बागेचा विसार परस्पर घेतला, आणि मग घरी सही मागायला आला. त्या दिवसापर्यंत धाकटीला आपण अर्ध्या बागेची मालकीण आहोत हे नीट ठाऊक नव्हते. त्याने सहीसाठी आधी गोड बोलून पाहिले, मग मारून पाहिले. तिने सही दिली नाही.

गोव्याचे गोडवे गायला मी उभी नाही. तिथेही खाचा आहेत. लग्नाची नोंदणी दोन वेळा सह्या करून पुरी होते. पहिली सही झाली की लग्न लागले असे समजून पुष्कळ मुली निर्धास्त राहतात, नवरा दुसऱ्या सहीला टाळाटाळ करतो, आणि कायद्यापुढे लग्नच झालेले नसते. कारभार नवऱ्याच्या हातात राहतो. कायदा दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणजे बाईला वारशाने आलेलेही सामाईकात जाते. आणि घटस्फोटानंतर वाटणीसाठी जे इन्व्हेंटरीचे प्रकरण चालते त्यात घर किंवा बाग अशी दोन तुकडे न होणारी वस्तू असली की दोघांत बोली लागते. जास्त बोलणाऱ्याला वस्तू, दुसऱ्याला त्याच्या हिश्शाचे पैसे. बोली बोलायला खिशात पैसे लागतात. धाकटीच्या खिशात नव्हते, नवऱ्यामागे दिल्लीचे गिऱ्हाईक उभे होते. बाग त्याला गेली. वीस वर्षे शिंपलेले माड गेले म्हणून ती रडली, आणि प्रकरणाला कितीतरी वर्षे लागली ती वेगळीच.

पण हातात पैसे आले, आणि ते बाजारभावाने आले. सावंतवाडीत तिने दोन खोल्यांची जागा घेतली, स्वतःच्या नावावर. कोणी तिला नशीबवान म्हणाले नाही. कोणाचे उपकार झाले नव्हते. तिथे बोलणे अर्ध्यापासून सुरू झाले, थोरलीचे शून्यापासून. थोरली एकदा मला म्हणाली, "बापाशीन माका अलीकडे दिल्यान, तिका पलीकडे. तेवडोच फरक." यावर मी काय बोलणार?

माहेरचेही सांगते, कारण तुम्ही मनात तेच विचारत असाल. बापाच्या माघारी भावाने दोघींना गणपतीनंतरच्या आठवड्यात दुय्यम निबंधकाकडे नेले होते, हक्कसोडपत्रासाठी. थोरलीने सही केली. भावाशी वाकडे नको, सासरी काही झाले तर परतायला दार हवे. धाकटी म्हणाली, नंतर बघू. आज थोरली त्याच भावाच्या पडवीत राहते, आणि वहिनीच्या कपाळाला आठी पडली की भाड्याच्या खोलीची चौकशी करते. १९९४ पासून आपल्या राज्यात आणि २००५ पासून साऱ्या देशात मुलीला वडिलार्जित जमिनीत मुलाइतका हक्क आहे. तो आपण साडीचोळीवर सोडतो. परतायला दार हवे असेल तर दाराच्या कागदावर नाव पाहिजे.

मग अलीकडच्या बाईने करायचे काय? नोटीस आली की नवरा-बायको आहोत तोवरच आपली बाजू बळकट आहे, हे पहिले समजून घ्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, मग घर कोणाच्याही नावावर असो. सासऱ्याचे असले तरी हा हक्क मागता येतो, असे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितले. समुद्रकाठच्या गाबीत वस्तीतल्या आमच्या बहिणींची घरे पुष्कळदा सरकारी जागेवर, सातबाराच नाही. त्यांनाही हा हक्क लागू आहे. ते घर विकू नये असा हुकूम मॅजिस्ट्रेटकडून त्याच कायद्याखाली घेता येतो. संमतीच्या कागदावर सही झाली की यातले बहुतेक हातातून जाते. म्हणून सही शेवटी.

पोटगी मागितलीत तर २०२० पासून दोघांनाही मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नवऱ्याला शपथेवर लिहावे लागते, कुठे किती जमीन आहे. संमतीच्या घटस्फोटात ते कोणी मागत नाही, आम्हीही मागितले नाही. ते मागितले असते आणि कॉटेजच्या अर्जाचे विचारले असते तर खोटे शपथेवर सांगावे लागले असते. ठोक पोटगी ठरली तर कलम २५ खाली तिचा बोजा नवऱ्याच्या जमिनीवर चढवता येतो. तो सातबाऱ्याच्या इतर हक्कांत आला की घेणारा आधी तुमच्याकडे येतो. जमिनीवर दावा लावलात तर त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नवरा म्हणेल, सातबारा सामाईक आहे, मुंबईच्या काकांसकट चौदा नावे आहेत, माझे असे काहीच नाही. चौदात त्याचा हिस्सा आहे, तो लिहून काढा.

मुसलमान बहिणी इथे बसल्या आहेत. तुमचा कायदा १९८६ चा. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की इद्दतीच्या मुदतीत जी तरतूद करायची ती बाईच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरेल अशी, न्याय्य आणि रास्त हवी. ती घराच्या रूपाने मागायला काहीच हरकत नाही. फक्त वर सांगितलेला नकाशा तुम्हीही पाहा. समुद्र धर्म विचारत नाही.

तो नकाशा कुठे मिळतो? किनारा व्यवस्थापन आराखड्याचे गावाचे नकाशे १:४००० प्रमाणात असतात, त्यावर भरतीरेषा आणि सर्व्हे नंबर दोन्ही पाहता येतात. जिल्हाधिकारी कचेरीत किंवा नगररचना विभागात अर्ज करा. एकट्या जाऊ नका, दोघी जा. आणि वाटणीचा कच्चा नकाशा हातात आला की तो जमिनीवर घालून बसा, घरच्या चार बायकांना दाखवा. रेघ आडवी की उभी हे सांगायला वकील लागत नाही.

ज्यांचे संसार सुखाचे आहेत त्यांनी हसू नये. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम केली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन केली, भांडण नसताना. २००३ पासून ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर दोघांचे नाव लावण्याचा सरकारी निर्णय आहे. मघाचे नऊ हात पाहता आपल्या ग्रामसेवकांना तो पुन्हा दाखवायला हवा. उताऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी आली असे नाही, पण बाई या घरात होती याचा तो एक कागद आहे. तो निर्णय मी छापून आणला आहे, जाताना एकेक प्रत घ्या. न्याहारी योजनेत ज्या आहेत त्यांनी नोंदणी दोघांच्या नावे करता येते का ते विचारा, आणि गिऱ्हाइकांचे पैसे ज्या खात्यात येतात त्या खात्यावर आपले नाव घाला. आज घातलेत तर नवऱ्याला वाईटही वाटणार नाही.

थोरलीसाठी आम्ही पुन्हा कोर्टात गेलो आहोत. माहिती दडवून संमती घेतली, असे आमचे म्हणणे. समोरचे म्हणतात, अर्धी जमीन घेतली, आता काय समुद्र मागे सरकवायचा? न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना मोजणीचा नकाशा आणायला सांगितला आहे. येत्या एकवीस तारखेला तारीख आहे. मागच्या वेळी ती आणि मी दोघीच होतो, आणि त्याच्याकडून नऊ माणसे आली होती, नव्या बायकोच्या भावासकट. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे नाव द्या. सकाळच्या पहिल्या एसटीने निघावे लागेल, जेवणाचा डबा बरोबर घ्या. नारळाची वडी थोरली करून आणणार आहे.